गावातलं घर घ्यायचंय? आधी वही शोधा, मग भाव विचारा

विदर्भातल्या एका तहसीलच्या आवारात कडुलिंबाखाली टेबल टाकून मी बरीच वर्षं अर्जनवीस म्हणून बसलो. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच. समोरचा माणूस पन्नीत गुंडाळलेला कागद काढतो, टेबलावर हातानं सपाट करतो आणि म्हणतो, "हे पाहा भाऊ, आठ अ हाये माह्याजवळ. घर माह्यंच हाये."

कागद बघितला की दहापैकी नऊ वेळा तो 'आठ अ' नसतोच. तो असतो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. खरा ८-अ पटवाऱ्याकडे असतो. त्यात खातेदाराच्या नावावर गावात किती शेतजमीन आहे ते लिहिलेलं असतं. एक घरपट्टीचा कागद, दुसरा शेतीचा. आकडा एक, बोलण्यात नावही एक, आणि ह्या घोळात लोकांनी लाखांचे सौदे केलेले मी पाहिले आहेत.

नोकरी लागून गावात आलात, पुण्याहून परत येऊन मायबापाजवळ घर घ्यायचं ठरवलंत, किंवा भावाकडून त्याचा हिस्सा विकत घेताय, तर पुढच्या पायऱ्या ह्याच क्रमानं चढा. भाव ठरवायची पायरी बरीच खाली आहे, आणि ती मुद्दामच तिथं ठेवली आहे.

पहिली पायरी: जागा कोणत्या वहीत आहे?

गावातली राहती जागा तीनपैकी एका वहीत असते. कधी दोन वह्यांत असते, आणि मग दोन्हींत वेगवेगळी नावं असतात.

पहिली वही ग्रामपंचायतीची, नमुना ८. गावठाणातल्या, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत आबादीतल्या, बहुतेक घरांची हीच एक नोंद वर्षानुवर्षं होती. ही वही कर वसूल करायला ठेवलेली आहे. त्यात नाव आहे म्हणून कोणी मालक ठरत नाही. कोर्टात ताबा दाखवायला तिचा आधार होतो, मालकी सिद्ध करायला ती पुरत नाही.

दुसरी वही पटवाऱ्याची, म्हणजे सातबारा. (पटवाऱ्याचं पद आता कागदावर 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, पण गावात कोणाच्या तोंडी ते बसलेलं नाही.) घर गावठाणाच्या बाहेर, शेताच्या तुकड्यावर किंवा ले-आऊटमधल्या प्लॉटवर असेल तर सातबारा असतो.

तिसरी वही भूमी अभिलेख कार्यालयाची, आखीव पत्रिका किंवा मिळकत पत्रिका. मोठ्या गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी ती आधीपासून आहे. लहान गावांत ती आली स्वामित्व योजनेमुळे. २४ एप्रिल २०२० ला ही योजना जाहीर झाली. मग गावोगाव चुन्याच्या रेघा आखल्या गेल्या, वरून ड्रोन उडालं, आणि नंतर चौकशी होऊन सनद आणि पत्रिका मिळू लागल्या. तुमच्या गावचं काम झालं असेल तर गावठाणातल्या घरासाठी ह्या पत्रिकेला सगळ्यात जास्त वजन आहे. मात्र ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भावाभावांतली वाटणी दिसत नाही. चौकशीच्या दिवशी जो घरी हजर होता त्याचं एकट्याचं नाव लागलं आणि पुण्यात नोकरीला असलेला भाऊ राहून गेला, असंही झालेलं आहे. म्हणून पत्रिका मिळाली तरी तिसरी पायरी चुकवू नका.

पूर्व विदर्भात जुनं घर घेत असाल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) ह्या पट्ट्यात मालगुजारी होती, म्हणजे गावाची जमीन मालगुजाराच्या मालकीची. १९५० च्या कायद्यानं ती गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून जमीन सरकारकडे आली. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडे, रयतवारी होती, म्हणजे जमीन थेट कसणाऱ्याच्या नावावर. त्यामुळे मालगुजारीतल्या गावात पणजोबाच्या घराचं विक्रीपत्रच नसणं ही काही संशयाची गोष्ट नव्हे. तिथं १९५४-५५ चं अधिकार अभिलेख काढून बघतात. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ केलेल्या घरात त्याची नक्कल बहुतेक पेटीत असतेच. आधी घरात विचारा.

दुसरी पायरी: उतारा हातात घेऊन वाचा

लोक उतारा घेतात आणि नाव बघून घडी घालतात. असं करू नका. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये शेजारी शेजारी दोन रकाने असतात. एकात 'मालकाचे नाव', दुसऱ्यात 'भोगवटा करणाऱ्याचे नाव'. सगळी मेख ह्या दोन रकान्यांत आहे.

एकदा एक जोडपं आलं. मास्तर आणि मास्तरीण, दोघंही नवीन बदली होऊन आलेले. गावात स्लॅबचं घर, पुढं सपरी, मागं न्हाणी आणि थोडी वाडी. साडेचार लाखांत ठरलं होतं आणि ५० हजार दिलेही होते. उतारा माझ्यापुढं ठेवला. भोगवट्याच्या रकान्यात विकणाऱ्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं. मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं 'महाराष्ट्र शासन'. दोघांनी तो कागद चार वेळा वाचला होता. नजर दर वेळी ओळखीच्या नावावरच गेली.

घर अतिक्रमणाच्या जागेवर होतं. घरपट्टी तीस वर्षांची भरलेली, वीजबिल त्याच्याच नावाचं, पण जमीन सरकारची. अशी अतिक्रमणं नियमित होऊ शकतात. 'सर्वांसाठी घरे' ह्या धोरणात १ जानेवारी २०११ पूर्वीच्या रहिवासी अतिक्रमणांसाठी तशी वाट काढलेली आहे. पण ती वाट जो राहतो आहे त्याच्यासाठी आहे, विकत घेणाऱ्यासाठी नाही. मास्तरांना मी एकच सांगितलं, आधी त्यानं स्वतःच्या नावावर नियमित करून घ्यावं, मग बोला. इसाराचे पैसे परत यायला आठ महिने लागले.

सातबारा असेल तर तीन ठिकाणी बोट ठेवा. वर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग १ असेल तर मालक आपल्या मर्जीनं विकू शकतो. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, लागतो. मग 'इतर हक्क' हा रकाना. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथं येतं. तिसरं म्हणजे फेरफाराचा, म्हणजे वहीतल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक. प्रत्येक नाव कोणत्या तरी फेरफारानं लागलेलं असतं, आणि त्या फेरफाराची नक्कल काढली की आजोबांपासूनची कथा समोर येते. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, त्याच दिवशी स्वतः काढा.

तिसरी पायरी: विकणारा एकटा आहे का?

ही पायरी लांब आहे, आणि भांडणं इथंच उगवतात.

वडील वारले, घर वडिलांचं होतं, मोठ्या भावानं ग्रामपंचायतीत अर्ज देऊन आपलं नाव चढवलं. आता तो विकायला निघाला. गावात सगळे म्हणतात, "घर तर त्याचंच हाये, तोच पाहते मायबापाले." पण हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र न करता माणूस गेला की त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई ह्या सगळ्यांचा सारखा वाटा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार आहे. महाराष्ट्रात ही तरतूद १९९४ मध्ये आली, देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी मात्र ह्यातून सुटते. तोंडी वाटणीचं कारण सहसा टिकत नाही.

म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा, "भाऊ, बहिणी किती? कुठं दिल्या?" हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. मी म्हणतो, लाजू नका. विकणारा नाराज झाला तर तेच उत्तर समजा. एक कागद घेऊन वंशावळ काढा. आजोबा, त्यांची मुलं, वारलेल्या मुलांची बायकापोरं. जितकी नावं येतील तितक्या सह्या विक्रीपत्रावर हव्यात, किंवा ज्यांना हिस्सा नको त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी व्हायला हवं. 'माझी हरकत नाही' असं स्टँपवर लिहून नोटरी केलेलं संमतीपत्र हक्क सोडत नाही. बहिणीनं भाऊबीजेला तोंडानं सोडलेला हिस्सा तर कागदावर जसाच्या तसा असतो.

वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं पोर असेल, तर त्याच्या नावावरचा हिस्सा आईसुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. विकला तर ते पोर सज्ञान झाल्यावर तो व्यवहार मोडायला मागू शकतं. मुस्लीम कुटुंबात वाटे वेगळ्या कायद्यानं पडतात. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सरसकट लागू नाही. अशा वेळी वकिलाची फी वाचवू नका.

आणि मुखत्यारपत्रावर विकणारा आला तर? मूळ मालक जिवंत आहे ना, हे आधी बघा. मालक वारला की साधं मुखत्यारपत्रही संपतं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलं आहे की नुसत्या मुखत्यारपत्रानं किंवा करारनाम्यानं मालकी बदलत नाही.

चौथी पायरी: ह्या जागांपासून जरा लांब

आपल्या भागात काही जमिनी अशा आहेत की पैसे देऊनही तुमच्या होत नाहीत.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीनं घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. पूर्वपरवानगीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही आणि जमीन परत जाऊ शकते. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट ह्या बाजूला तर हा प्रश्न पहिलाच विचारा. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, गावात ग्रामसभेचा विषयही येतो. "आपले चांगले संबंध हायेत, काही होत नाही" हे ऐकून घेतलेल्या जमिनीचा निकाल चांगल्या संबंधांवर लागत नाही.

भूदानातली, म्हणजे विनोबांच्या चळवळीत दान मिळालेली, जमीन. पवनारच्या आश्रमापासून जवळ राहतो, म्हणून हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे असं मला वाटायचं. नाही. लोक अजूनही भूदानाच्या तुकड्यावर प्लॉट पाडलेला घेतात. ती जमीन भूमिहीनाला कसण्यासाठी दिलेली आहे, विकण्यासाठी नाही.

झुडपी जंगल. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत हा शब्द सातबाऱ्यावर दिसला की थांबायचं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ह्या जमिनी वनच असल्याचं सांगितलं. जुन्या, १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी मार्ग ठेवला आहे, पण नव्यानं विकत घेणाऱ्यानं त्यावर हिशेब मांडू नये.

भूमिहीनांना सरकारनं पट्ट्यानं दिलेले घरकुलाचे प्लॉटही अटींवर असतात. पट्ट्याचा मूळ हुकूम मागा आणि अटी वाचा.

आणि शेतातले तुकडे. कुणी दोन-चार गुंठे 'प्लॉट' म्हणून विकत असेल तर तुकडेबंदी कायदा बघावा लागतो. सरकारनं जुने व्यवहार नियमित करायच्या सवलती वेळोवेळी दिल्या, पण नवीन तुकडा घेऊन पुढच्या सवलतीची वाट बघणं हा जुगार झाला. शिवाय शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे, त्याच्या कलम ८९ मध्ये ही अट आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला राहण्यासाठी अकृषक, म्हणजे बिगरशेती, होणं सोपं केलेलं आहे, तरी रूपांतर कर भरल्याचा कागद बघायलाच हवा. ले-आऊट असेल तर अकृषक आदेश, मंजूर नकाशा, आणि जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक. 'एनएटीपी आहे', म्हणजे अकृषक आदेश आणि नगररचनेची मंजुरी दोन्ही आहेत, हे तोंडी सांगणं म्हणजे कागद नव्हे. नकाशात तुमचा प्लॉट आहे की बगिच्याची राखीव जागा, हे बोट ठेवून बघा.

पाचवी पायरी: टेप घेऊन जा

आता जागेवर जा. सोबत टेप, वही, आणि त्या मोहल्ल्यातला एक म्हातारा माणूस.

एका घराची गोष्ट सांगतो. उताऱ्यात ६०० चौरस फूट, विकणारा म्हणे ७५०. टेप लावला. समोरून १८ फूट, लांबी ४२ फूट, म्हणजे ७५६. विकणारा खोटं बोलत नव्हता. पण ह्या १८ फुटांत डाव्या बाजूची तीन फुटांची सांदी होती. त्या सांदीत शेजाऱ्याच्या कवेलूच्या छपराचं पाणी पडत होतं, आणि त्याची मागची खिडकी तिथंच उघडत होती. पाणी पडतं तिथपर्यंत आपली जागा, असं शेजारी मानतो. उरले १५ फूट, म्हणजे ६३० चौरस फूट. उतारा जवळपास बरोबर निघाला. जुन्या विक्रीपत्राच्या चतुःसीमेत 'पूर्वेस सार्वजनिक रस्ता' लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात त्या रस्त्यावर समोरच्यानं ओटा काढला होता. गाडी आत न्यायची तर त्याला विचारून.

तेव्हा मोजमापाबरोबर हे टिपा: सामाईक भिंत कोणाची, छपराचं पाणी कुठं पडतं, नाली कुठून जाते, वाट कोणाच्या जागेतून आहे, विहिरीवर हक्क आहे का. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोला. घर घेतोय हे ऐकल्यावर ज्याला काही म्हणायचं असतं तो तिथंच म्हणतो.

मोजमाप: शहरी खरेदीदार गुंठा, आर आणि डिसमिल ह्यांत घसरतो. गुंठा १०८९ चौरस फूट, आर १०० चौरस मीटर म्हणजे साधारण १०७६ चौरस फूट, डिसमिल ४३५.६ चौरस फूट. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, विकणारा एकर-डिसमिलमध्ये बोलतो.

हद्दीचा वाद असेल किंवा सातबाऱ्यावरची जागा असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडून सरकारी मोजणी करा आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत घ्या. खर्च आणि वेळ दोन्ही लागतो. पण ती विकणाऱ्यानं करून द्यावी, असं सौद्यातच ठरवून टाका.

सहावी पायरी: शोध, आणि मगच इसार

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्या. आधीची विक्री, गहाण, दावा, सगळं त्यात निघतं. २००२ नंतरच्या दस्तांची सूची २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, ऑनलाइन सापडते, त्याआधीचं दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या वह्या उघडून बघावं लागतं. त्याबरोबर जिल्ह्यात खपणाऱ्या पेपरात जाहीर सूचना द्या. पतसंस्थेकडे मूळ कागद अडकलेत का, हे मूळ प्रत डोळ्यांनी बघूनच कळतं. 'हरवले' म्हणणाऱ्याकडून पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत मागा.

आता भाव ठरवा. आणि इसारपत्र लिहा. त्यात एकूण किंमत, दिलेली रक्कम, रजिस्ट्रीची शेवटची तारीख, कोणत्या सह्या कोण आणून देणार, मोजणी कोणाच्या खर्चानं, आणि सौदा मोडला तर काय, एवढं हवंच. अशा कागदांना आधी १०० रुपयांचा स्टँप चालायचा. ऑक्टोबर २०२४ पासून त्या जागी ५०० चा लागतो. ताबा इसारातच घेऊ नका. घेतलात तर विक्रीपत्राइतकं मुद्रांक शुल्क त्याच कागदावर लागतं. रोखीनं २० हजार किंवा त्याहून जास्त इसार घेणाऱ्याला आयकरात तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणून बँकेतून द्या. तुमच्याजवळ पुरावाही राहतो. रजिस्ट्रीला टाळाटाळ झाली तर करारपूर्तीच्या दाव्याची मुदत ३ वर्षं आहे, आणि ती सहसा ठरलेल्या तारखेपासून मोजतात. 'पुढच्या दिवाळीत करू' ह्यात ही तीन वर्षं कधी संपतात कळत नाही.

सातवी पायरी: रजिस्ट्री

१०० रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हा १९०८ च्या कायद्याचा नियम. 'स्टँपवर लिहून दिलं, सरपंचाची सही आहे' ही विक्री नव्हे, कितीही शिक्के असोत.

ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क ३ टक्के आणि जिल्हा परिषदेचा उपकर १ टक्का, मिळून ४ टक्के. नगरपंचायत, नगरपालिका, महानगराच्या हद्दी इथले दर वेगळे. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. घराची किंमत सरकारी मूल्यदर तक्त्यानं ४ लाख निघाली तर १६ हजार मुद्रांक आणि ४ हजार फी. राहतं घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट, म्हणजे इथं ४ हजार वाचतात. नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट जाते. किती दिले आणि तक्त्याप्रमाणे किती, ह्यातली जी रक्कम जास्त तिच्यावर शुल्क. किंमत कमी दाखवून चार पैसे वाचवायचा सल्ला देणारे भेटतील. बाकीची रक्कम नंतर दावा झाला की कुठंच सिद्ध करता येत नाही.

विक्रीपत्राचा मसुदा सहीच्या आदल्या दिवशी घरी वाचा. नावं आधार-पॅनप्रमाणे, मालमत्ता क्रमांक, मौजा, तालुका, चतुःसीमा, मोजमाप फूट आणि मीटर दोन्हींत. पाचव्या पायरीतली ती सांदी, वाट, विहीर, सामाईक भिंत शब्दांनी लिहून घ्या. माझा अनुभव असा की मसुदा लिहिणारे जुन्या दस्तातली चतुःसीमा तशीच उतरवतात. शेजारी वारून वीस वर्षं झाली तरी 'उत्तरेस' त्याचंच घर असतं.

दुय्यम निबंधकांकडे विकणारे सगळे, घेणारे, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, फोटो, अंगठा. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदवायला हजर करावा लागतो. निघताना सूची २ ची प्रत घ्या. आणि चावी त्याच दिवशी. 'पोरांच्या परीक्षा झाल्या की खाली करतो' म्हणणाऱ्याकडून ताबा पावती लिहून घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.

आठवी पायरी: नाव चढवणं

रजिस्ट्री झाली की लोक पेढे वाटतात आणि विसरतात. पुढं घर ज्या ज्या वहीत आहे त्या प्रत्येक वहीत नाव बदलायचं असतं, आणि एका वहीत बदललं म्हणून दुसरीत आपोआप बदलत नाही.

ग्रामपंचायतीत अर्ज, विक्रीपत्र आणि सूची २ ची नक्कल, चालू वर्षाची कर पावती. मासिक सभेत ठराव होतो आणि नमुना ८ ला नाव लागतं. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेखच्या परिरक्षण भूमापकाकडे वेगळा अर्ज. सातबारा असेल तर फेरफार बहुतेक रजिस्ट्रीवरून ऑनलाइनच पटवाऱ्याकडे जातो. तो नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस देतो, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. फेरफार झाला म्हणून मालकी मिळत नाही, मालकी रजिस्ट्रीनं मिळालेली असते. पण फेरफार नसेल तर मागच्या मालकाचं नाव कागदावर राहतं, आणि तो ते नाव दाखवून कर्ज उचलतो. असं झालेलं आहे.

वीजमीटर आणि नळ ही शेवटची कामं.

नववी पायरी: घर पुढच्या हाती देताना

घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करायचं तर चार रस्ते, आणि गावात चारही एकमेकांत मिसळून बोलतात.

बक्षीसपत्र जिवंतपणीच मालकी देतं. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि वारलेल्या मुलाची बायको ह्यांना राहतं घर किंवा शेती द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. वर स्थानिक उपकर किती बसतो ते आधी विचारून घ्या. भावाला किंवा बहिणीला द्यायचं तर ही सवलत नाही. म्हाताऱ्या मायबापांना मी एक ओळ घालायला लावायचो: 'बक्षीस घेणारा आमचा सांभाळ करील, ह्या अटीवर.' ही ओळ असेल आणि सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करायला मागता येतं. ओळ नसेल तर लढाई अवघड जाते. पोरांना ह्या ओळीचा राग येतो. येऊ द्या.

हक्कसोडपत्र फक्त सहहिस्सेदारांत होतं. वडिलोपार्जित घरातला हिस्सा बहीण भावाच्या नावे सोडते, ते हे. परक्या माणसाला हक्कसोड करता येत नाही, ती विक्रीच होते. आणि बहिणीला पैसे दिले असतील तर ते लिहा. न लिहिलेले पैसे दोघांनाही नंतर त्रास देतात.

वाटणीपत्रात घराचा नकाशा जोडा. 'मोठ्यास पूर्वेकडील दोन खोल्या' एवढं लिहून न्हाणी, जिना आणि मोटरपंप सोडून दिलेली वाटणी मी किती तरी वेळा दुरुस्त करून दिली आहे.

मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, स्टँप लागत नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. ते साक्षीदार तरुण आणि गावातच राहणारे बघा, आणि ज्याला घर मिळणार तो साक्षीदार नको. मी तरी नोंदणी करायलाच सांगतो. कागद वडिलांच्या पेटीत असतो, पेटी एका मुलाच्या खोलीत असते, आणि मृत्युपत्र मिळालंच नाही असं म्हणायला फार काही लागत नाही. नोंदलेलं असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह दुय्यम निबंधकांकडून नक्कल निघते.

मृत्युपत्र नसेल तर वारसनोंद. जमिनीच्या वहीसाठी पटवाऱ्याला ३ महिन्यांत कळवायचं, ग्रामपंचायतीला वेगळा अर्ज द्यायचा, आणि मिळकत पत्रिका असेल तर तिसरा. तिन्ही अर्जांत वारसांची यादी एकच ठेवा. ग्रामपंचायतीच्या अर्जात मुली आहेत आणि पटवाऱ्याच्या अर्जात नाहीत, हे पुढं हमखास सापडतं. आणि ते सापडतं वीस वर्षांनी, टेबलापलीकडं बसलेल्या खरेदीदाराला.